साहेब, वर या

पंपाचा आवाज मला फाटकाबाहेरच ऐकू आला. स्कूटर कशीबशी स्टँडला लावली आणि हेल्मेट हातात घेऊन मी घराच्या कडेकडेने मागच्या वाडीत धावले. पोफळींच्या ओळींतून हिरवं पाणी फसफसत पसरत होतं. पोहण्याच्या तलावातून बाहेर आलेला जाड निळा पाइप ते पाणी भसाभसा ओकत होता.

“चीफ! पंप कधी लावलात?”

“सकाळी सहाला,” तलावाच्या आतून उत्तर आलं. “ये, बरी वेळेवर आलीस. या टाइल्स बघ.”

मी काठाशी आले आणि खाली पाहिलं. तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद तलाव जवळजवळ कोरडा झाला होता. फक्त खोल टोकाला घोट्याएवढं पाणी उरलं होतं. चीफ अर्ध्या चड्डीत गुडघ्यांवर बसून सुटलेल्या टाइल्सवर खडूने फुल्या मारत होते. त्यांच्यापासून चार पावलांवर यमना उकिडवी बसून तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडत होती. पदर कमरेला खोचलेला, शेजारी बादली.

ही गोष्ट सतरा वर्षांपूर्वीची, नागावची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. अलिबागच्या एका कंत्राटदाराकडे तीन वर्षं घासून नुकतीच स्वतःची कामं घ्यायला लागले होते, आणि हेमचंद्र राऊतांचा तलाव हे माझं पहिलं मोठं काम. राऊत तीस वर्षं मालवाहू जहाजांवर होते, चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झाले होते. सगळं गाव त्यांना चीफ म्हणायचं. आयुष्यभर समुद्रावर राहून त्यांना स्वतःच्या वाडीत पाणी हवं होतं. गोडं, निळं, त्यांच्या हुकमातलं. इतके मोठमोठे कंत्राटदार सोडून त्यांनी काम मला दिलं, कारण माझा नकाशा त्यांना आवडला होता.

तलावाभोवतीची दगडी फरसबंदी हणमंता मिस्त्रीने केली होती. चीफ तिला डेक म्हणत. हणमंता पवार जतकडचा, यमना त्याची बायको. दोघं हंगामाला कोकणात यायची. त्याने काळा दगड हाताने घडवून असा बसवला होता, की दोन दगडांमधल्या सांध्यात नख जात नसे. तलावाच्या कडेने काठाचे दगड वीतभर आत डोकावतील असे बसवले होते, म्हणजे पोहणाऱ्याला हात धरता येतो. काम बघायला माणसं रेवदंड्याहून येऊन गेली होती.

“साहेब, पंप बंद करा,” मी म्हटलं.

“का? नऊ टाइल्स सुटल्यात. गणपतीला आठ दिवस राहिलेत, बहिणीची नातवंडं येणार आहेत. पोरांना काय हिरव्या डबक्यात सोडू?”

“पावसाळ्यात तलाव रिकामा करायचा नसतो. मी तुम्हाला सांगितलं होतं.”

“सांगितलं होतंस. ‘शक्यतो करू नका’ म्हणाली होतीस. शक्यतो!” ते हसले.

ते खरं होतं. मी शक्यतो म्हणाले होते. अजिबात करू नका म्हटलं असतं, तर का करायचा नाही ते सांगावं लागलं असतं.

मी स्वतःच जाऊन पंपाचा खटका पाडला. एकदम सगळं शांत झालं. वाडीच्या पार त्या टोकाला, रस्त्याच्या बाजूला, हणमंता पायरीचा दगड घडवत बसला होता. त्याच्या छिन्नीची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. पंपाजवळच विहीर होती, तिच्यात मी डोकावले. ऑगस्ट संपत आला होता, रेताड जमीन पाणी पिऊन तट्ट फुगली होती. विहिरीचं पाणी काठापासून हातभर खाली. नुसतं वाकून तांब्या बुडवता आला असता.

विहिरीत पाणी जिथे, तिथेच तलावाच्या भिंतीबाहेरही. आणि तलावाचा तळ त्याच्या पाच फूट खाली. आत आता पाणी नव्हतं.

मी परत काठाशी आले आणि तेवढ्यात पायांखालून आवाज आला. टक्. कोणीतरी सुपारी फोडावी तसा. मी खाली बघितलं. काठाचा दगड आणि त्याला लागून असलेली फरसबंदी यांच्यामध्ये एक बारीक काळी रेघ उघडली होती. मी खिशातली पेन्सिल काढून त्या रेघेत घातली. टोक गेलं. पेन्सिल गेली नाही.

“साहेब, वर या.”

“काय झालं?”

“तलाव उचलतोय.”

चीफनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. घाबरले नाहीत. उलट त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं.

“अगं, रिकामं भांडं पाण्यात तरंगतं हे तू मला सांगतेस? त्यावरच तर मी तीस वर्षं पगार खाल्ला. म्हणून तर तुझ्या नकाशात ती तळाची झडप बघितली आणि म्हटलं, या पोरीला कळतं. बाहेरचा दाब वाढला की झडप आपोआप उघडेल, बाहेरचं पाणी आत येईल, दोन्हीकडे सारखं होईल. थोडा ओलावा येईल तळाला, येऊ दे.”

मी खोल टोकाकडे बघितलं.

नकाशात झडप होती. तलावात नव्हती.

ती मुंबईहून मागवायची असते. मी मागवायची विसरले. मे महिन्याच्या शेवटी तळाचं काँक्रीट करायचं ठरलं, मिक्सर येऊन उभा राहिला, माणसं आली, आणि मला सकाळी आठ वाजता आठवलं. त्या दिवशी काम थांबवलं असतं तर चीफना कारण सांगावं लागलं असतं. मी झडपेच्या जागी पाइपाचा तुकडा सोडला आणि काँक्रीट करून घेतलं. म्हटलं, नंतर बसवू. जूनमध्ये त्या पाइपातून खालचं पाणी वर झिरपायला लागलं, टाइल्स लावता येईनात. तेव्हा मी हणमंताला म्हटलं, हे बुजवून टाक. त्याने विचारलं होतं, “म्याडम, हे मोकळं ऱ्हायचं न्हवं?” मी म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यात बघू. तलाव भरलेला असला की काही होत नाही. आणि भर पावसाळ्यात तलाव रिकामा कोण करतंय?

“झडप...” मी म्हटलं. “झडप गाळाने अडकली असेल.”

“मग बघू या की,” चीफ उठले. “काढून साफ करतो. पाच मिनिटांचं काम.”

“नको! साहेब, आधी वर या. मग बघू.”

“वरून कशी साफ करणार? यमना, तिथला स्क्रूड्रायव्हर दे गं.”

यमना उठली. पायऱ्यांवर ठेवलेल्या हत्यारांतून तिने स्क्रूड्रायव्हर शोधून त्यांना दिला आणि परत आपल्या जागी बसली. ब्रश पुन्हा चालू झाला. चीफ खोल टोकाला गेले. तिथे तळाला हातभर खड्डा होता आणि त्यावर चौकोनी जाळी होती, चार स्क्रूंनी बसवलेली. ते पाण्यात ओणवे झाले.

टक्. टक्. या वेळी दोनदा. मी पेन्सिल टाकली. ती सरळ आत गेली आणि दिसेनाशी झाली.

पहिला स्क्रू निघाला. चीफनी तो खिशात टाकला.

मला आजही सांगता येत नाही, की मी त्या वेळी नक्की काय विचार करत होते. कदाचित वाटलं असेल, की जमीन थोडी हलून थांबेल. स्क्रू गंजला असेल, त्यांना निघणार नाही, ते कंटाळून वर येतील. ते वर आले की मी पाइप फिरवून विहिरीचं पाणी आत सोडेन, तलाव भरेल, आणि कोणाला काही कळणार नाही. दुसरा स्क्रू निघाला.

“साहेब, ऐका माझं. वर या!” मी ओरडले.

माझ्या ओरडण्याने वाडीच्या टोकाची छिन्नी थांबली. मागच्या पडवीत चीफच्या बायको गणपतीचा चौरंग धूत होत्या, त्याही हात तसेच ओले ठेवून बघायला लागल्या.

“तू फार घाबरतेस,” चीफ खालून म्हणाले. “जहाजावर असं करून चालत नाही. हातात काम असलं की तेवढंच बघायचं.” तिसरा स्क्रू निघाला. चौथा जरा अडला. त्यांनी कण्हत जोर लावला. निघाला.

त्यांनी जाळी उचलून बाजूला ठेवली, खड्ड्यात हात घातला आणि चाचपलं. मग हात तसाच आत ठेवून ते थांबले.

“प्रणिता.”

“हां.”

“इथे सिमेंट आहे.”

पोफळींमधून हणमंता धावत आला. हातात घण, कपाळावर दगडाची पांढरी भुकटी. चीफनी त्याला बघितलं. त्यांचा आवाज एकदम बदलला. हा इंजिनरूममधला आवाज असणार, मी तो कधी ऐकला नव्हता.

“हणमंता, हे तू बुजवलंस?”

हणमंताने माझ्याकडे बघितलंही नाही. त्याने घण खाली ठेवला, गुडघ्यावर बसला आणि काठाच्या दगडावर हाताचा पंजा पसरून ठेवला, आजाऱ्याच्या छातीवर ठेवावा तसा. क्षणभर. मग तो तलावात बघून म्हणाला, “यमने, भाईर ये. बादली ऱ्हाऊ दे तितंच. भाईर ये.”

यमना उठली.

“हणमंता, मी तुला विचारतोय!” चीफ गरजले.

“साहेब, तुम्ही वर या!” मी म्हटलं. “त्याने नाही. मी. झडप मी बसवलीच नाही. मी मागवायला विसरले. मी त्याला बुजवायला सांगितलं. वर या!”

चीफ माझ्याकडे बघत राहिले. यमनाने पहिल्या पायरीवर पाय ठेवला होता.

आणि तलाव उचलला.

मोठा आवाज झाला नाही. जमिनीच्या पोटातून एक लांब, जड कण्हणं आलं, आणि खोल टोक माझ्या डोळ्यांसमोर वर आलं. चार बोटं असेल, सहा बोटं असेल. मला ते हातभर वाटलं. खोल टोकाचं उरलंसुरलं पाणी एका बाजूने दुसऱ्या बाजूला धावलं. चीफ शेवाळावरून घसरून पडले. फरसबंदी काठाच्या दगडांवर रेलली, दगड दगडावर दाबला गेला, आणि पायऱ्यांवरचा काठाचा दगड मुळापासून सुटून आत कोसळला.

यमना ओरडली नाही. तिने फक्त श्वास आत ओढला. दगड तिच्या उजव्या पायावर पडला होता.

हणमंताने उडी कधी मारली ते मी बघितलं नाही. मी बघितलं तेव्हा तो दगडाखाली हात घालत होता. तो दगड दोन माणसांनी उचलायचा. त्याने एकट्याने उचलून बाजूला लोटला आणि यमनाला दोन्ही हातांवर घेतलं. पाण्यात लाल रंग पसरत होता.

“फोड!” चीफ ओरडले. ते अर्धवट उठले होते, कोपरातून रक्त येत होतं. “प्रणिता, फोडायला हवं ते! अजून उचलेल!”

मी घण घेऊन आत उतरले. कशी उतरले आठवत नाही, पायऱ्यांवर दगडाचे तुकडे होते. तळ माझ्या तळपायांखाली थरथरत होता, एखाद्या जनावराचं अंग शहारावं तसा. चीफनी पायऱ्यांवरची पहार ओढली, खड्ड्यातल्या सिमेंटवर तिचं टोक धरलं आणि दोन्ही हातांनी घट्ट उभी केली.

“मार.”

पहिला घाव पहारीवर नीट बसला नाही. त्यांच्या बोटांपासून दोन इंचांवरून गेला. त्यांनी हात काढले नाहीत.

“मार!”

मी मारला. पुन्हा मारला. सिमेंटला चीर गेली. मी आयुष्यात त्याआधी घण उचलला नव्हता, माणसांना उचलायला सांगितला होता. सातव्या की आठव्या घावाला पहार एकदम आत गेली आणि तिच्या बाजूने गढूळ पाणी चीफच्या तोंडावर उडालं. त्यांनी पहार हलवून भोक मोठं केलं. पाण्याचा खांब कमरेएवढा उसळला. त्यात वाळू होती, शंखांचे तुकडे होते. आम्ही दोघं त्या पाण्यात बसून राहिलो. हळूहळू खालून पुन्हा तेच कण्हणं आलं, आणि तलाव खाली बसायला लागला. वाकडा बसला. मधोमध भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला.

तोवर चीफच्या बायकोने शेजारची जीप बोलावली होती. हणमंता यमनाला घेऊन केव्हाच पुढे गेला होता.

अलिबागच्या दवाखान्यात यमनाच्या पायाची दोन बोटं काढली. हणमंता ऑपरेशनच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून उभा होता. मी त्याच्याजवळ गेले.

“हणमंता, मी सांगितलं त्यांना. तू बुजवलंस ते माझ्या सांगण्यावरून.”

“व्हय,” तो म्हणाला. “आयकलं म्या.”

मी बाजूला झाले.

चीफ बाकावर बसले होते. चड्डी तशीच चिखलाने माखलेली, कोपराला बँडेज. मी समोर गेले तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

“झडप विसरलीस, ते मी समजू शकतो,” ते म्हणाले. “मीही विसरलोय. एकदा तर भर समुद्रात. माणूस विसरतो. पण मी एकेक स्क्रू काढत होतो आणि तू वर उभी राहून बघत होतीस.”

मी रडायला लागले. ते थांबवण्याचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

“काम तूच पुरं करायचंस,” रडणं थांबल्यावर ते म्हणाले. “दुसऱ्याकडे जाणार नाही मी. तूच फोडलास, तूच बांध.”

पावसाळा सरल्यावर मी तळ नव्याने केला. या वेळी झडप मी स्वतः आणली, स्वतः बसवली. चीफ शेजारी उभे होते. त्यांनी हात घालून झडप वरखाली करून बघितली आणि मान डोलावली. फरसबंदी पुन्हा बसवायला मात्र हणमंता आला नाही. दिवाळीच्या आधीच दोघं गावी गेली होती. मी दोनदा निरोप पाठवला. दुसऱ्या मिस्त्रींनी दगड बसवले. सांध्यात नख जात होतं.

मार्चमध्ये तलाव पुन्हा भरला आणि त्याच आठवड्यात मी जतला गेले. सांगलीपर्यंत एक एसटी, जतपर्यंत दुसरी, पुढे वडापची जीप. सोबत पांढऱ्या कांद्याच्या दोन माळा होत्या. दुसरं काय न्यावं ते सुचलं नव्हतं. वाटेत मी काय बोलायचं ते मनाशी घोळवत होते. मी चीफना खरं सांगायला उशीर केला, त्यांनी चार स्क्रू काढेपर्यंत गप्प राहिले, आणि म्हणून तुझ्या पायाची बोटं गेली. एवढं सरळ सांगायचं आणि तिच्या तोंडून जे यायचं ते ऐकून घ्यायचं.

हणमंता कामावर गेला होता. यमना एकटीच होती. मला बघून तिने लगबगीने चटई टाकली, चहा केला, कांदे हातात घेऊन वास घेतला. चीफच्या बायकोची चौकशी केली. “टाकी झाली का परत? पोरं पवत्यात का?” असं विचारलं. मी हो म्हटलं. मग जे ठरवून आले होते ते सगळं बोलले. थांबत, अडखळत, पण सगळं. ती ऐकत होती. मधेच एकदा चुलीतलं लाकूड मागे ओढलं, पण कान माझ्याकडेच होता.

“त्ये समदं ह्यांनी सांगितलं मला,” ती म्हणाली. “झडपंचं. तुमी सायबाला खरं सांगितलं, त्येबी सांगितलं.”

“उशिरा सांगितलं, यमना.”

“व्हय. उशिरा.” तिने कांद्याची माळ बाजूला ठेवली. मग म्हणाली, “एक इचारू का? राग नका मानू.”

“विचार ना.”

“त्या दिशी तुमी सायबाला हाका मारत हुता. वर या, वर या. लई बारी मारल्या.” ती माझ्याकडे बघत होती, आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. “मी बी तितंच हुते की, म्याडम. खालीच. मला का न्हाई मारली?”

मी तोंड उघडलं. वाडी, पंप, जाळी, चीफच्या कपाळावरचा घाम, त्यांच्या हातातला एकेक स्क्रू, सगळं मला लख्ख दिसत होतं. इतके महिने रोज दिसत होतं. त्यात त्यांच्यामागे एक ब्रश सारखा खरवडत होता, आणि तो आवाज मला आत्ता, या चटईवर बसून, पहिल्यांदा ऐकू येत होता.

यमनाने थोडा वेळ वाट बघितली. मग तिने माझ्या हातातला कप घेतला, भिंतीला हात लावून उठली आणि टाचेवर भार देत आत गेली.